मशीन देण्याआधी विचारलं का?

मुस्लिम महिलांसाठी काहीतरी करायचं ठरलं की शिलाई मशीनच आठवतं. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, पाहुण्यांच्या हस्ते वाटप, फोटो. वर्षभराने त्याच मशीनवर घड्या घातलेल्या चादरींची चळत असते. यवतसारख्या, पुणे-सोलापूर महामार्गावरच्या गावात रेडिमेड कपडे हाताशी असताना आणखी वीसजणींनी कुणाचे कपडे शिवायचे, हा प्रश्न एकाही बाईला पडला नसेल असं नाही. तिला तो कुणी विचारला नाही, एवढंच.

मुस्लिम स्त्रिया मोठ्या प्रमाणात घरबसल्या, तुकड्यावर मिळणाऱ्या कामात अडकल्यात, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं होतं. मशीन वाटून आपण त्यांना त्याच कोपऱ्यात आणखी पक्कं बसवतो.

विचारलं तर काय होतं, ते यवतपासून चाळीसेक किलोमीटरवर पुण्यात दिसतं. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचकांत बहुसंख्य दलित महिला. त्यांनी कचरा वेचणं सोडून दुसरा धंदा मागितला नाही. हेच काम आम्हाला हक्काने, ओळखपत्रासह करू द्या, कचरा वेगळा करून थेट दारातून द्या, असं म्हणाल्या. त्यातून 2008 मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था कामाला लागली. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही मागणीही पुढे आली. ज्याचा हात रोज त्या कचऱ्यात जातो, त्यालाच ती सुचणार. हे सगळं गोड नाही. पंधरा वर्षं गेली आणि करार टिकवण्यासाठी भांडणंही झाली. पण ते काम त्यांचं होतं, म्हणून त्या भांडल्या. फुकट मिळालेल्या मशीनसाठी कोण भांडतं?

यवतमध्ये हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. ऑगस्ट 2025 मध्ये एका समाजमाध्यमी पोस्टवरून इथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. अशा दिवसांत हातावर पोट असलेल्याचं, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पहिलं नुकसान रोजीचं होतं. नंतर शांतता समितीच्या बैठका होतात, भाषणं होतात. बाजारात पुन्हा गाडी कशी लावायची, उधारी कोण देणार, यावर कुणी बसत नाही.

याच गावात दरवर्षी तुकोबांच्या पालखीला पिठलं-भाकरी असते. भाकरी घराघरांतून येते, पिठलं काळभैरवनाथाच्या मंदिरात शिजतं. हजारोंच्या पंगतीचं नियोजन करायला बाहेरचा सल्लागार लागत नाही. कुणाच्या चुलीवर किती भाकरी होतील, ते गावाला ठाऊक असतं. रोजगाराची गोष्ट आली की मात्र हेच गाव अडाणी ठरतं.

आपलंही बोललं पाहिजे. जमातीच्या बैठकीत महिलांच्या रोजगारावर पुरुषच बोलतात. अध्यक्ष ठरवतात, मौलाना दुआ करतात, बायका घरी असतात.

तेव्हा यवतमध्ये पुढचा टेम्पो आणणाऱ्याने, मग तो आपल्यातला असो की बाहेरचा, आधी मोहल्ल्यात एक दुपार काढावी. दुपारच, कारण सकाळी बऱ्याचजणी शेतात मजुरीला गेलेल्या असतात आणि संध्याकाळी चुलीपाशी. सोबत पुरुष कार्यकर्ते कमी आणावेत. फोटोवाला तर नकोच.