कड्यावरच्या कड्या

मराठी माणूस हरवलेल्या वस्तूच्या बाबतीत फार हळवा असतो. अर्थात वस्तू स्वतःची असेल तर. दुसऱ्याची असली की तो एकदम वेदान्ती होतो आणि ‘कोण कुणाचं आहे या जगात!’ असं पुटपुटत देवळाबाहेरच्या दुसऱ्याच्या चपलेत पाय सरकवतो. ही विद्या आजवर चपला, छत्र्या आणि वाचायला नेलेली पुस्तकं एवढ्यावरच भागत होती, म्हणून आम्ही गप्प होतो. पण आता ती सह्याद्रीच्या कड्यांवर चढली आहे. चप्पल गेली तर माणूस अनवाणी घरी येतो. कड्यावरचा दोर गेला तर तो घरी येईलच असं नाही.

ज्यांना डोंगर फक्त एसटीच्या खिडकीतून माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. प्रस्तरारोहण करणारा माणूस चालायला लागला की नंदीबैलासारखा वाजतो. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला कॅराबिनर म्हणजे स्प्रिंगच्या झाकणीच्या कड्या लटकत असतात. त्यांच्या जोडीला तारेत ओवलेल्या पाचरी असतात. त्यांना नट म्हणतात आणि त्या कातळाच्या भेगेत बसवायच्या असतात. शिवाय ‘फ्रेंड’ नावाचं एक स्प्रिंगचं यंत्र असतं. रे जार्डिन नावाच्या अमेरिकन गड्यानं ते काढलं आणि १९७८ साली ते इंग्लंडातून बाजारात आलं. भेगेत घातलं की ते आतून हातपाय ताणून बसतं. नाव अगदी चपखल आहे, कारण खऱ्या मित्रासारखंच हेही एकदा आत शिरलं की निघता निघत नाही. अशा एकेका मित्राला काही हजार रुपये पडतात, आणि कॉलेजातली पोरं ते शिकवण्या घेऊन, वर्गणी काढून जमवतात.

तर अशी एखादी वस्तू कड्यावर अडकली आणि मागून येणाऱ्याला सापडली, तर ती कुणाची? जगभरच्या गिर्यारोहकांत याला ‘बूटी’ म्हणतात, म्हणजे लूट. लूट म्हटलं की आमची पोरं थेट १६६४ सालच्या सुरतेत पोचतात आणि त्यांची छाती फुगते. अरे बाबांनो, ती लूट स्वराज्याच्या खजिन्यात जमा झाली. तुमची तुमच्याच सॅकमध्ये जाते!

एक गोष्ट मी आधीच मान्य करून टाकतो. एखाद्यानं अर्धा तास हातोडी आपटून, देवाला आणि नट बनवणाऱ्याला शिव्या घालून, शेवटी नाद सोडला आणि पाचर तिथंच ठेवून तो घरी गेला. पुढच्या रविवारी दुसरा कुणी आला, त्यानं दोरावर लोंबकळत, बोटं सोलून घेत ती काढली. ती त्याची. त्यानं ती कमावली आहे, आणि माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढं आहे. ‘अडकलं’, ‘पडलं’, ‘राहिलं’, ‘ठेवलं’ ही चार क्रियापदं मराठीनं उगाच केलेली नाहीत. पण लुटारू पंथाचे लोक चारांचं एकच क्रियापद करतात : ‘सापडलं’. ओळखीच्या एका तरुणाच्या पट्ट्याला एकदा नवीकोरी कडी दिसली. मी सहज विचारलं.

“काका, खाली पडली होती.”

“कुणाची?”

“कुणाचीच नाही. खाली होती ना!”

“अरे, पण त्या वेळी वर माणसं चढत होती की!”

“होती. पण ती वर होती.”

म्हणजे वस्तू हातातून सुटली की मालकी गुरुत्वाकर्षणानं बदलते. न्यूटनला सफरचंद पडल्यावर एवढं सगळं सुचलं, पण हे काही सुचलं नव्हतं.

कायद्याला हा माणूस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८६० च्या दंडसंहितेनं कलम ४०३ खाली मोठी मजेदार उदाहरणं दिली होती. रस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण दुसऱ्याच्या हातून पैशांची थैली पडताना तुम्ही पाहिली, परत करायची म्हणून उचलली आणि मग मन फिरलं, तर गुन्हा. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमाचा आकडा ३१४ झाला. थैली मात्र अजून ज्याची त्याचीच आहे. उलट १८७२ चा करार कायदा सापडणाऱ्याशी फार प्रेमानं वागतो. वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला जो खर्च आला, तो मिळेपर्यंत ती अडवून ठेवायची मुभा त्यानं दिली आहे. एका कडीपायी एक मिसळ आणि दोन चहा, एवढं बसायला हरकत नसावी.

“पण मालक ओळखायचा कसा?” हा पंथाचा आवडता प्रश्न. ज्या समाजात स्टीलच्या वाटीवर नाव घालून घेतात, ती शेजारी गेली तर नावानिशी, आणि तीही रिकामी नव्हे, परत येते, त्या समाजानं हे विचारावं? १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या अर्व्हिनची बर्फकुऱ्हाड १९३३ साली सापडली, ती दांड्यावरच्या तीन आडव्या खाचांवरून त्याची ठरली. आपल्याकडची मंडळीही आपापल्या कड्यांना रंगीत चिकटपट्ट्या गुंडाळतात. कुणाची लाल, कुणाची पिवळ्यावर निळी. सापडलेल्या कडीवरची पट्टी रात्री घरी बसून नखानं सोलणारे महाभाग मला माहीत आहेत. मालक ठाऊक नव्हता तर सोलली कशाला?

आणि बरं, जी वस्तू वापरणार तिचं वय किती, ती किती उंचावरून आपटली, पट्टा किती उन्हाळे उन्हात कुजला, यातलं काही माहीत नाही. मुलीचं लग्न ठरवताना तीन पिढ्यांची चौकशी करणारी माणसं अनोळखी पट्ट्यावर मात्र बेधडक जीव टांगतात.

‘ठेवलेल्या’ वस्तूची गोष्ट आली की माझी विनोदबुद्धी थोडी कमी होते. १९३६ च्या जुलैत आयगरच्या उत्तर भिंतीवर चार तरुण चढत होते. हिंटरश्टॉइसर नावाच्या जर्मन पोरानं एका गुळगुळीत आडव्या टप्प्यावरून दोराच्या आधारानं वाट काढली. सगळे पलीकडे गेले आणि त्यांनी दोर ओढून घेतला. मग हवा बिघडली, माघारी फिरावं लागलं. टप्प्यावर बर्फ चढलेलं आणि दोर जागेवर नाही. चौघंही गेले. आता तिथं दोर कायम बांधलेला असतो, आणि ‘हा कुणाचा राहिला बुवा?’ म्हणून तो कुणी काखोटीला मारत नाही.

आमच्या मंडळींनी एका सुळक्याच्या खालच्या टप्प्यावर उतरण्यासाठी दोर लावून ठेवला होता. संध्याकाळी परत येऊन पाहतात तो दोर गायब. पुरेसा दुसरा दोर नाही, त्यामुळे पाच जणांनी रात्र एका कपारीत गुडघे पोटाशी धरून काढली. पुढं पत्ता लागला. नेणारे दुसऱ्या एका गटाचे होते. ते म्हणाले, “आम्हाला वाटलं राहून गेलाय. डोंगरावर कचरा नको म्हणून काढला!” हा ‘कचरा’ पन्नास मीटर लांब आणि नीट गाठी मारलेला होता. निसर्गप्रेमाचं हे नवं रूप मला अगदी थक्क करून गेलं. डोंगरावर चिवड्याच्या पिशव्या शेकड्यांनी पडलेल्या असतात. त्या गटाच्या स्वच्छतेला नेमका दोर तेवढा दिसला. २०१७ साली एव्हरेस्टच्या वरच्या तळांवरून प्राणवायूची नळकांडी चोरीला गेल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा तिथंही हेच स्वच्छताप्रेमी पोचले असणार.

बरं, परत करायला फार कष्ट आहेत असंही नाही. वर माणसं असतील तर हाक मारा. नसतील तर पायथ्याच्या गावात ज्या घरी पिठलं-भाकरी खाता, तिथं ठेवून द्या. असं एक घर मला माहीत आहे. तिथल्या मावशींनी चुलीमागच्या भिंतीत एक खुंटी ठोकली आहे आणि तिच्यावर सापडलेल्या तीन-चार कड्या कायम लोंबत असतात. मागच्या वेळी एक बाबूसाहेब हात पुढं करून म्हणाले, “मावशी, ती आमची.” मावशींनी भाकरी थापता थापता मान वर न करता विचारलं, “पट्टी कंच्या रंगाची?”

बाबूसाहेब खुंटीकडे वाकून बघायला लागले, तशा मावशी उठून खुंटीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.