शरदाची बाग आणि शृंगाराचा विवेक

पाऊस ओसरतो, आभाळ धुऊन निघते आणि बागेला नवे तेज चढते. आश्विन लागता लागता झेंडू केशरी होतो, शेवंतीच्या कळ्या उमलू लागतात, कुंपणावरची गोकर्ण निळी होते आणि पहाटे प्राजक्ताखाली शुभ्र-केशरी सडा पडतो. पर्युषणातील साधेपणानंतर दिवाळीपर्यंतचे हे दिवस वस्त्राभूषणांचे असतात. रंगांची निवड करताना या बागेइतका चांगला मार्गदर्शक दुसरा नाही.

फुलाला उठाव येतो तो पानाच्या हिरवाईमुळे. पेहरावाचेही तसेच आहे. झेंडूच्या केशरी साडीवर गर्द हिरवे पोलके शोभते. शेवंतीच्या पिवळ्या रंगाला जांभळा काठ खुलवतो. गोकर्णीच्या निळ्या सुती साडीवर चांदीचे मोजके दागिने पुरतात, तर प्राजक्ताचा पांढरा-केशरी मेळ तरुणीइतकाच आजीलाही शोभून दिसतो. पैठण आणि येवल्याच्या विणकरांनी तर आसावलीची वेल आणि कमळ यांच्या रूपाने बागच पदरावर उतरवली आहे.

वस्त्र असे बहरलेले असेल, तेव्हा चेहरा शांत ठेवावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्रसाधनाचे जाड थर घामाने ओघळतात. डोळ्यांत काजळ, ओठांवर गुलाबी कमळाची फिकी छटा आणि कपाळावर टिकली एवढ्याने काम भागते. साडी साधी असेल, तर मात्र ओठांवर डाळिंबी किंवा विटकरी रंग खुशाल लावावा.

परंतु हा डाळिंबी रंग येतो कोठून, हा प्रश्न शृंगारापूर्वीच विचारायला हवा. फुलासारखा दिसणारा प्रत्येक रंग फुलातून आलेला नसतो. अनेक लिपस्टिकमधील लाल रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यांना वाळवून, चिरडून काढतात. अर्धा किलोच्या आसपास रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात, असे सांगितले जाते. वेष्टनावर ‘कार्माइन’, ‘कोचिनियल’ किंवा ‘सी.आय. ७५४७०’ असे लिहिले असेल, तर तो हाच रंग होय. मोत्यासारखी चमक देणारे ‘ग्वानिन’ माशांच्या खवल्यांतून मिळते, आणि ओठांच्या प्रसाधनांतील मेण पुष्कळदा मधमाश्यांच्या पोळ्यातले असते.

पर्याय नाहीत असे मुळीच नाही. विटकरी छटा लोहाच्या ऑक्साइडपासून मिळते. तिची खूण ‘सी.आय. ७७४९१’. चमकेसाठी अभ्रक वापरतात, तर मेणासाठी ताडवर्गातील झाडाच्या पानांवरचे कार्नोबा. घरच्या घरी बिटाविनाही ओठ रंगवायचे असतील, तर रतनजोताची मुळी तेलात मुरवून सुरेख लाली तयार होते.

रेशमाचीही गोष्ट अशीच आहे. धागा अखंड राहावा म्हणून तुतीच्या रेशमाचे कोश आतील जिवासह उकळतात किंवा वाफवतात. पतंग बाहेर पडल्यानंतर उरलेल्या कोशातून सूत कातण्याची रीत तत्कालीन आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी ‘अहिंसा रेशीम’ या नावाने रुजवली. हे कापड महाग पडते आणि त्याची झळाळी थोडी कमी असते. तथापि त्याचा स्पर्श मऊ असतो. ते न परवडल्यास सुती पैठणी किंवा सुती इरकल सणाला कोठेही उणी पडत नाही.

प्राजक्ताचे फूल कोणी तोडावे लागत नाही; ते पहाटे आपोआप गळून पडते. त्याच्या केशरी देठांपासून पूर्वी वस्त्रे रंगवीत असत. झाड दुखावले जात नाही, वस्त्राला मात्र रंग चढतो. यंदा दिवाळीच्या खरेदीला निघणाऱ्या गृहिणीने रंग पाहण्याआधी वेष्टन उलटून वाचावे. त्या क्षणभराच्या वाचनाने सौंदर्यात काहीही उणे होणार नाही.