बिल घरमालकाचं, पैसे आपले!

हुडकेश्वर रोडला रूम करून राहणाऱ्या कुणालाही विचारा, ‘टॅक्स भरतोस का?’ उत्तर ठरलेलं : ‘छे, ते घरमालक बघतात.’ कागदावर हे खरंय. पण घरमालक भाडं ठरवताना घरपट्टी धरूनच चालतो. म्हणजे भरतो आपणही, फक्त पावतीवर आपलं नाव नसतं.

हुडकेश्वर २०१३ मध्ये नरसाळ्यासोबत नागपूर महापालिकेच्या हद्दीत आलं. अशा नव्या भागाला शहराचा पूर्ण टॅक्स एकदम लागत नाही. आधी ग्रामपंचायतीचा दर, मग टप्प्याटप्प्याने वाढ, असं कायदाच सांगतो. गंमत अशी की, टॅक्सचे टप्पे ठरले. नळ, गटारलाइन आणि रस्त्यांचे मात्र नाही. हद्दीत येऊनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं काही सुटलं नाही. त्यामुळे इथला राग ‘टॅक्स का?’ असा नाही. ‘टॅक्स शहराचा, मग सोयी खेड्याच्या का?’ असा आहे.

आता महापालिकेची बाजू. २०१३ मध्येच नागपुरातली जकात गेली, एलबीटी आला. पुढे तोही गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला. त्या बदल्यात राज्याकडून अनुदान येतं. स्वतःच्या हक्काची मोठी कमाई उरली ती मालमत्ता कराची. तीच थकली तर पाइपलाइन टाकायची कशातून? शिवाय थकबाकीवर महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के दंड. रागाच्या भरात बिल न भरणं आपल्यालाच महाग पडतं.

मग करायचं काय? भरायचं आणि विचारायचं! घरचं बिल एकदा नीट वाचा. त्यात सामान्य कर, मलनिस्सारण, अग्निशमन असे वेगवेगळे रकाने असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्याच्या तिजोरीत जातो. बाकीच्याचा हिशेब महापालिकेने द्यायचा. जी सोय मिळत नाही, त्या रकान्यावर बोट ठेवून माहिती अधिकारात अर्ज टाका.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता जाब विचारायला माणूस आहे. शिक्षणासाठी इथे राहणाऱ्यांनाही इथल्या मतदार यादीत नाव नोंदवता येतं. पावतीवर नाव नसलं तरी चालेल, यादीत हवंच!