धाक कसला दाखवता?

संपादक महोदय,

‘म्हाताऱ्यांना थोडा धाक हवाच’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. लेखकाचा वैताग समजतो, उपाय मात्र साफ चुकीचा. स्मृतिभ्रंश झालेला माणूस मुद्दाम छळत नाही. आपण का ओरडलो हे तो विसरतो, धास्ती मात्र मागे उरते.

आमच्या त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीसाठी देशभरातून माणसे येतात. घरच्या वडीलधाऱ्यांचा संशयीपणा, रात्रीची बडबड हा पितृदोषच, असे समजून आलेलेही त्यांत भेटतात. पूजा खुशाल करा, पण डॉक्टर टाळून नको. विशेषतः दोन-चार दिवसांत वागणे एकदम बदलले, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नवे औषध किंवा सांगता न येणारे दुखणे यांची तपासणी आधी.

शेजारच्या आजी दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’ म्हणत पिशवी भरतात. ‘हेच तुमचं घर’ म्हटले की बिथरतात. सून आता वाद घालत नाही. ‘चहा घेऊन निघू की, आई. घरी कोण कोण असतं?’ एवढेच विचारते. आजी माहेरची विहीर, गोठा सांगत बसतात. पिशवी बाजूला राहते. (हे रोज जमते असे नाही.)

‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले स्मृतिभ्रंश झालेले शास्त्री हत्तीमागे निघून जातात. इथे तर निवृत्तिनाथांच्या पौषवारीची गर्दी! अशा माणसाच्या खिशात नाव-फोनची चिठ्ठी हवीच.

आणि पुण्या-मुंबईच्या भावंडांनी फोनवर सल्ले देण्यापेक्षा दोन रात्री जागायला यावे.

— एक वाचक, त्र्यंबकेश्वर