‘शुगर फ्री’च्या पाटीखालची साखर

दिवाळीचा हंगाम तोंडावर आला आहे. यंदाही बहुतेक मोठ्या दुकानांत एक ट्रे वेगळा मांडलेला असेल आणि त्यावर पाटी असेल ‘शुगर फ्री’. तो ट्रे मुख्यतः मधुमेही गिऱ्हाइकासाठी असतो. त्या गिऱ्हाइकाचा आपल्या पाटीवर विश्वास असतो, आणि त्याच विश्वासावर तो दोनाऐवजी चार पेढे खातो. म्हणून त्या पेढ्याचा हिशेब आपण व्यावसायिकांनीच आधी मांडायला हवा.

म्हशीचे पाच लिटर दूध आटवले की साधारण एक किलो खवा पडतो. दुधात लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, सुमारे पाच टक्के असते. कढईतून पाणी उडून जाते, लॅक्टोज तिथेच राहते. म्हणजे किलोभर खव्यात दोनशे ते अडीचशे ग्रॅम शर्करा दुधातूनच आलेली असते. एफएसएसएआयच्या 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर 100 ग्रॅम पदार्थात 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा चालत नाही, आणि लॅक्टोज ही शर्कराच आहे. खव्याच्या पेढ्यात साखरेचा एक दाणाही घातला नाही, तरी तो या मर्यादेच्या निदान चाळीसपट पुढे जातो. लॅक्टोज रक्तात साखरेपेक्षा सावकाश चढते हे खरे, पण त्यामुळे पाटी खरी ठरत नाही.

खजुराच्या बर्फीचे तेच. सुक्या खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त शर्करा असते. साखरेच्या जागी सुक्या फळांचा लगदा वापरून ‘साखर घातलेली नाही’ असा दावा करणेही त्याच नियमांत बसत नाही. जून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिआब पाहणीने देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. एवढ्या लोकांशी आपण पाटीवरून बोलत असतो.

ही गफलत बहुतेकदा लबाडीतून येत नाही. गोडी आणि साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कारखान्यात नीट पोहोचलेले नाही, म्हणून ती होते. जिभेवर गोड ओळखणारा ग्राही 2001 मध्ये संशोधकांच्या हाती लागला. टी1आर2 आणि टी1आर3 ही दोन प्रथिने जोडीने ते काम करतात. साखर, सॅकरिन, अॅस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हिया या सगळ्यांची गोडी मेंदूपर्यंत पोहोचते ती याच जोडीतून. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीन बसवले की सुक्रालोज होते. 1976 मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात, लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत, शशिकांत फडणीस यांनी ते चाखले तेव्हा त्याची गोडी कळली. ते साखरेच्या सुमारे 600 पट गोड आहे.

या 600 चा अर्थ कढईपाशी उभे राहून समजून घेतला पाहिजे. एक किलो साखर काढली तर तिच्या गोडीसाठी सुक्रालोज लागते दीड-पावणेदोन ग्रॅम. उरलेली जवळजवळ किलोभर जागा रिकामी राहते. साखर पाकाला तार देते, बर्फीला कण देते, वडी धरून ठेवते, नानकटाईला रंग देते आणि पाणी बांधून ठेवून मिठाईला बुरशीपासून वाचवते. यातले एकही काम सुक्रालोज करत नाही. म्हणून ती जागा भरावी लागते, आणि खरा प्रश्न तिथे आहे. माल्टोडेक्स्ट्रिनने भरली तर ग्रॅममागे साखरेइतक्याच, चार किलोकॅलरी येतात आणि रक्तशर्करा ग्लुकोजसारखीच झपाट्याने चढते. माल्टिटॉलमध्ये कॅलरी कमी असतात, पण शून्य नसतात, आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते. एरिथ्रिटॉलमध्ये कॅलरी नगण्य, पण ते विरघळताना जिभेला गारवा जाणवतो. काय भरले हे गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे.

स्वीटनरची भीती आणि भक्ती, दोन्ही आवरायला हव्यात. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिगरसाखरी स्वीटनर वापरू नयेत असा सशर्त सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये अॅस्पार्टेम ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ 2बी गटात गेले, पण प्रमाणाचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. स्वीटनर हे विष नाही आणि पथ्यही नाही. तो एक घटक आहे, आणि घटकासारखाच तो मोजून, जागा पाहून वापरायचा असतो. अॅस्पार्टेम फार वेळ उकळले की त्याची गोडी मोडते. 120 अंशांच्या वर सुक्रालोज तापवण्याबाबत जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने 2019 मध्ये सावध केले आहे, म्हणून ते बेकरीच्या भट्टीत जाऊ नये. सॅकरिन जिभेवरच्या काही कडू ग्राहींनाही जागे करते आणि ते ग्राही माणसागणिक बदलतात. एकट्या मालकाने चाखून पास केलेली बर्फी दुसऱ्याला कडवट लागू शकते. चाखायला निदान पाच-सात वेगवेगळी माणसे बसवा.

पण स्वीटनरच्या आधी एक साधा रस्ता आहे, आणि तो आपल्या हातात आहे: गोडीच थोडी उतरवणे. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, कारण गोडीचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम5 ही वाहिनी उबेत जास्त काम करते. फ्रीजमधून काढून लगेच वाढलेल्या श्रीखंडात म्हणूनच साखर जास्त लागते. तेच दहा मिनिटे बाहेर ठेवून चाखा आणि मग प्रमाण ठरवा. चक्क्याइतकीच साखर ही रीत आहे, नियम नव्हे. पुरणात चिमूटभर मीठ घालणाऱ्या घरच्या बायकांना जे ठाऊक होते, त्याला आज आधार आहे: मीठ कडवटपणा दाबते आणि गोडी वर येते. व्हॅनिलासारख्या गोड पदार्थांशी जोडलेल्या वासाने गोडी वाढल्यासारखी वाटते, हे प्रयोगांत दिसले आहे. वेलची, जायफळ, केशर यांचे प्रमाण याच नजरेने आपल्या कारखान्यात तपासून पाहा. साखर एकदम अर्ध्यावर आणली तर गिऱ्हाईक तुटेल. दर हंगामात थोडीथोडी उतरवली तर जीभ तिच्याशी जुळवून घेते.

आमची व्यावसायिक बंधुभगिनींना विनंती स्पष्ट आहे. खवा, खजूर, गूळ किंवा मध असलेल्या कोणत्याही मिठाईवरची ‘शुगर फ्री’ पाटी या दिवाळीआधी काढा. तिच्या जागी दोन आकडे लिहा: एका तुकड्याचे वजन, आणि त्या तुकड्यातली एकूण शर्करा, लॅक्टोज धरून. स्वीटनर वापरला असेल तर त्याचे नाव आणि जागा भरणाऱ्या घटकाचे नावही लिहा. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा नमुना तपासून घ्यावा लागेल. तो खर्च व्यवसायाची पत राखण्यासाठीचा आहे, आणि तो करण्याजोगा आहे. मधुमेही माणसाला सणाच्या दिवशी एक पेढा खायचा असतो. त्या एका पेढ्यात काय आहे ते त्याला खरे कळले, तर किती खायचा हे तो स्वतः ठरवील, आणि पुढच्या वर्षीही आपल्याच दुकानात येईल.