शाळेचे पथक सुपारी घेणार नाही



गेल्या वर्षभरात आपल्या शाळेच्या ढोल-ताशा पथकाला बाहेरून बोलावणी येऊ लागली आहेत. लग्नाच्या वराती, दुकानांची उद्घाटने, एक-दोन राजकीय मिरवणुकासुद्धा. मानधनही बरे सांगतात. काही विश्वस्तांनी सुचविले की, ही रक्कम नव्या वर्गखोल्यांच्या निधीला मिळेल आणि शाळेचे नाव इंदूरभर होईल. सूचना शाळेवरील प्रेमापोटीच आहे हे आम्ही जाणतो. तरीही आमचे मत असे की, शाळेच्या पथकाने सुपारी घेऊ नये.

पथक बहुतेकांनी गणपतीच्या मिरवणुकीतच पाहिलेले असते. एकदा जुलैमध्ये मैदानावर येऊन पाहावे. पहिले पंधरा दिवस कुणाला ढोलाला हातसुद्धा लावायला मिळत नाही. आमचे प्रशिक्षक, ज्यांना मुले नुसते ‘काका’ म्हणतात, सगळ्यांना गोलात चालवतात. पायाने ठेका, हाताने टाळी, तोंडाने बोल. तोंडाने नीट म्हणता आले की मग ढोल कमरेला बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. ताशा सर्वांत शेवटी. ताशाच्या दोन काड्या बारीक असतात, पण पथक चालते त्यांच्याच इशाऱ्यावर. ताल बदलायचा असला की ताशा सांगतो आणि सगळ्या ढोलांनी तो स्वतःच्या गजरातून ऐकायचा असतो. वर्गात दहा वेळा सांगूनही न ऐकणारी मुले इथे कशी ऐकतात, हे आम्हाला अजून कोडेच आहे!

काका निवड-चाचणी घेत नाहीत. नाव दिले की तो पथकात. ज्याचा हात सारखा मागे राहतो त्याला बाहेर काढत नाहीत, दोन पक्क्या मुलांच्या मध्ये उभा करतात. महिन्या-दोन महिन्यांत तो सावरतो. एखादा नाही सावरत, तरी तिथेच उभा असतो. आमच्या विरोधाचे खरे कारण हेच आहे. पैसे मोजणाऱ्या यजमानाला चोख वादन हवे असते आणि त्यात त्याची चूक नाही. पण मग पहिल्याच सुपारीच्या दिवशी या मधल्या मुलाला घरी थांबायला सांगावे लागेल. काका ते सांगणार नाहीत, आम्हीही सांगणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. वराती रात्री निघतात आणि रेंगाळतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्ये वाजवता येत नाहीत. शाळा-रुग्णालयांभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात; म्हणजे जी जागा शांतता क्षेत्र ठरू शकते तिथेच आपण ढोल शिकवतो! म्हणून सराव शाळा सुटल्यावर, थोडाच वेळ, आणि एका वेळी मोजक्याच ढोलांवर होतो. पुण्यात 2024 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एका पथकात तीसच जण असावेत असे म्हटले होते, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायालयात काय व्हायचे ते होवो, मुलांच्या कानांची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. 85 डेसिबलपर्यंतचा आवाज आठ तास सोसतो असे मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ढोल-ताशा त्याच्या बराच वर जातो. नुसता कापूस पुरत नाही, इअरप्लगच हवेत.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून एक गोष्ट चटकन लक्षात येते. मराठी घरांतील मुलेसुद्धा मधल्या सुट्टीत आपसांत हिंदीच बोलतात. मैदानावर मात्र ‘ढोल उचल’, ‘ओळ धर’, ‘थाप मोकळी पडू दे’ असेच ऐकू येते, आणि हिंदीभाषक घरांतील मुलेही तेच बोलतात. काकांनी मराठीची सक्ती केलेली नाही. ते शिकवतातच मराठीत.

पुण्यात रमणबाग, ज्ञानप्रबोधिनी अशा शाळांच्या पथकांनी हे वादन विद्यार्थ्यांपर्यंत आणले, त्यांच्याकडे पाहूनच आपण सुरुवात केली. पण इंदूरलाही स्वतःची परंपरा आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या कापड गिरण्यांच्या कामगारांनी वाढवल्या. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, थकलेल्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षे भांडत राहिले, तरी वर्गणी गोळा करून झांकी काढतच राहिले. त्याच रस्त्यांवर आपली मुले वाजवतात, तर ती गणपतीपुढे आणि अहिल्यादेवींच्या पालखीपुढे वाजवोत. वरातीपुढे नको.

राहिला खर्चाचा प्रश्न. ढोलाची पाने फाटतात, दोऱ्या झिजतात, पावसाळ्यात ठेवायला कोरडी खोली लागते. माजी विद्यार्थ्यांनी दोन वर्षे हा भार उचलला, आता शाळेच्या अंदाजपत्रकातच क्रीडा साहित्याप्रमाणे एक रकाना असावा, असा प्रस्ताव आम्ही येत्या बैठकीत मांडत आहोत. त्याच प्रस्तावात काकांचे मानधन वाढविण्याचेही कलम आहे. ते स्वतः कधी मागणार नाहीत, म्हणून इथे लिहिले.

सराव आषाढी एकादशीनंतरच्या सोमवारपासून सुरू होईल. नाव नोंदवायला पाचवीपासूनच्या मुला-मुलींनी यावे. पायात बूट आणि खिशात इअरप्लग असावेत. ढोल शाळा देईल.