इस्पितळाचा पहारेकरी : हुन्नर आहे, दाखला नाही

गेल्या पावसाळ्यात पनवेलमधील आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशन कारागिराचा हात मशीनमध्ये सापडला. दुकानातली सात-आठ माणसे त्याला घेऊन एका खाजगी इस्पितळात धावली. दारावरच्या तरुण वॉचमनने "आधी केसपेपर काढा" म्हणत सर्वांनाच अडविले. आवाज चढले, धक्काबुक्की सुरू झाली. तेवढ्यात आतून एक वयस्कर वॉचमन आला. त्याने स्वतः स्ट्रेचर ओढले, जखमीबरोबर एकाला आत सोडले, दुसऱ्याला केसपेपरच्या खिडकीवर पाठविले, बाकीच्यांना बाकावर बसविले आणि आतली खबर तो त्यांना देत राहिला. दोन मिनिटांत दार शांत झाले.

नंतर त्याच्याशी बोलणे झाले. अकरा वर्षे तो हे काम करतो. कोणी शिकविले नाही, पाहून पाहून शिकला. पगार किती? त्या तरुणाइतकाच! एजन्सीच्या बिलात दोघेही "एक गार्ड".

आमच्या कारागीर बांधवांना ही व्यथा नवी नाही. उस्तादाच्या हाताखाली वीस वर्षे घालविलेल्या वेल्डरलाही कागद नाही म्हणून हेल्परचा भाव मिळतो. इस्पितळाच्या वॉचमनचे दुखणे तेच आहे.

गोदामाच्या दारावर अनोळखी माणसाला अडविले की काम झाले. इस्पितळात येणारा प्रत्येकजण अनोळखी असतो आणि घाबरलेलाही असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे अपघातग्रस्त पनवेल-कामोठ्याच्या इस्पितळांत येतात, त्यांच्यामागून नातेवाइकांच्या गाड्या येतात. तेथे कोणाला थांबवावे, कोणाला सोडावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हा हुन्नरच आहे.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी इस्पितळात नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण केली. राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबविले. त्यानंतर सरकारी इस्पितळांत महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान वाढविण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळातील भीषण घटनेनंतर सुरक्षेची मागणी देशभर झाली. दरवेळी चर्चा होते ती माणसे किती वाढवायची याची. त्या माणसांना काय शिकवायचे, हे कोण विचारतो? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. रात्री इस्पितळात जी मोजकी माणसे जागी असतात, त्यांत वॉचमन एक. अग्निशामक सिलिंडर कसा चालवावा, कोणत्या जिन्याने रुग्ण उतरवावेत, हे त्याला ठाऊक नको काय?

कायद्याचा पाया आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याला या धंद्यात 'पसारा' म्हणतात, खाजगी गार्डला प्रशिक्षण सक्तीचे केले. केंद्राच्या आदर्श नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर, असे किमान २० दिवसांचे शिक्षण सांगितले आहे. त्यात प्रथमोपचार, आग विझविणे आणि गर्दी हाताळणे हे विषय आहेत. परंतु हे शिक्षण बँक, कारखाना, इस्पितळ सर्वांना एकच. अमेरिकेत इस्पितळ सुरक्षेची स्वतंत्र संघटना १९६८ पासून आहे. ती मूलभूत, प्रगत आणि पर्यवेक्षक अशा पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. आपल्याकडे मात्र डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० साली केलेल्या कायद्यात डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे. पहिला धक्का खाणाऱ्या पहारेकऱ्याचे वेगळे नाव नाही.

व्यापारी बांधवांनो, हा प्रश्न आपला कसा? आपल्यापैकी कोणी दवाखान्याच्या ट्रस्टवर आहेत, कोणाचे नर्सिंग होम आहे, कोणी सिक्युरिटी एजन्सी चालवितात. ठेका देताना आपण भाव विचारतो. लायसन्सबरोबर प्रत्येक गार्डचा प्रशिक्षणाचा दाखलाही मागावा. नव्या गार्डला कामावर लावण्यापूर्वी दोन दिवस त्याच इस्पितळात स्ट्रेचर, आग आणि बोलण्याची रीत शिकवावी. अनुभवी गार्डची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे, तिचा लाभ त्याला मिळवून द्यावा. आणि दाखला असलेल्याला वेगळा दर द्यावा.

खर्च वाढेल, हे खरे. पण एकदा काचा फुटल्या, डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवले, की वर्षभराची बचत संपते. स्वस्त कुलूप महाग पडते, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही.

निघताना त्या वॉचमनने विचारले, "शेठ, कागद मिळाला तर पगार वाढेल का?" या प्रश्नाचे उत्तर सरकारपेक्षा बिल फेडणाऱ्यांच्या हाती अधिक आहे.